तांबड्या वस्तीचा ठराव

सुधाकरभाऊ व्हिडिओ गेम खेळताना शेजारी ठरावबुक उघडून बसत. हे सांगितलं की बाहेरगावची माणसं हसतात. हसू देत. भाऊंना जाऊन वर्ष होत आलं, पण त्या गेमवाल्यांवरचा माझा राग अजून तसूभरही कमी झालेला नाही.

भाऊंनी जन्मभर ग्रामसेवकाची नोकरी केली आणि निवृत्तीनंतर अनसिंगला एका खोलीत ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान टाकलं. सरकारी साइट बंद पडली की, म्हणजे जवळपास रोजच, बाकांवर माणसं खोळंबायची. त्यांना नुसतं ताटकळत ठेवणं भाऊंच्या जिवावर यायचं. मग ते अंतराळातला एक गेम लावायचे. त्यात आपण यानाचे कप्तान, बरोबर चार-पाच सोबती, आणि घडीघडी पडद्यावर प्रश्न यायचा: याला वाचवायचं की त्याला? इंग्रजीतला तो प्रश्न भाऊ वऱ्हाडीत समजावून सांगायचे आणि विचारायचे, "बोला बाप्पा, सभेचं मत काय?" हात वर व्हायचे. भाऊ सूचक-अनुमोदकांची नावं लिहायचे, खाली 'ठराव मंजूर' लिहायचे आणि मगच बटण दाबायचे.

मी शाळेत शिकवून घरी जाताना तिथे टेकायचो. एकदा म्हणालो, "भाऊ, चुकलं त मांगं जाऊन दुसरं उत्तर देता येते ना. गेमच त हाये."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच गृहपाठ विसरलो होतो. "गुर्जी, झालेली सभा मोडून कोनी पुन्ना भरवते काय? चुकली त चुकली. निस्तरू."

एका तांबड्या ग्रहावरच्या वस्तीचा प्रश्न आला तेव्हा खोली दुभंगली. वस्तीचं पाणी यानात भरून घ्यायचं, की त्यांचं त्यांना ठेवायचं? ठेवलं तर पुढच्या लढाईत यान दुबळं पडणार आणि आपला एखादा सोबती जाणार, हे गेमनं आधीच बजावलं होतं. मी पाणी घ्या म्हणणाऱ्यांत होतो. तेवढ्यात शेवंताबाई उठल्या. निराधार योजनेच्या अर्जासाठी आलेल्या, सत्तरी उलटलेल्या. त्यांचं पहिलं गाव धरणात गेलेलं. म्हणाल्या, "पानी त्यायचं हाये, त्यायलेच राहू द्या. गाव एकदा गेलं की मानूस कुठंबी राह्यते, पन कुठचाच नाई राह्यत."

त्यानंतर माझ्या बाजूचे निम्मे हात खाली आले. ठराव मंजूर झाला, सूचक शेवंताबाई. पुढे लढाईत आमचा यंत्रदुरुस्तीवाला सोबती खरंच मेला. भाऊंनी सगळ्यांना उभं करून एक मिनिट शांतता पाळायला लावली. मीही उभा राहिलो, कुरकुरत.

दुसरा भाग निघणार अशी जाहिरात झाली. तुमचे आधीचे निर्णय पुढे चालतील, असं त्यात ठासून लिहिलं होतं. भाऊंनी आमच्या खेळाची फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवली. शेवंताबाई दुकानात आल्या की विचारायच्या, "आपली वस्ती कशी हाये, भाऊ?" भाऊ म्हणायचे, "दुसरा भाग येऊ द्या, मावशी. मंग समजीन."

दुसरा भाग आला. त्यानं आमची फाइल मुकाट्यानं घेतली आणि पहिल्याच दृश्यात सांगून टाकलं, की तांबडी वस्ती कधीच सुकून गेली, तिथे कोणी उरलं नाही. दोन ओळींत! सोबती मेला तो मेलाच, वर वस्तीही गेली. माझं डोकं भणाणलं. विरोधात हात वर करणारा मी, पण तो ठराव आता माझाही होता.

आम्ही दोघांनी मिळून कंपनीला इंग्रजीत तक्रार लिहिली, ठरावाच्या पानाचा फोटो जोडला. उत्तर आलं, मोठं गोड. अभिप्रायाबद्दल आभार, पण पुढची कथा लिहिण्याच्या सोयीसाठी सगळ्या खेळाडूंचा भूतकाळ एकच धरावा लागला. सोयीसाठी! एवढ्या माणसांनी भांडून, विचार करून हात वर केले, आणि यांना आमचा भूतकाळ गैरसोयीचा वाटला.

"मावशीले सांगू नका," मी म्हणालो. "वस्ती ठीक हाये म्हना. म्हातारं मानूस हाये."

आयुष्यात पहिल्यांदा भाऊ माझ्यावर ओरडले. "तीस वर्सं हेच करत आलो मी! वरून सांगत, लोकायले ठीक हाये म्हना. म्या म्हनलं. आता खुर्ची बी नाई राह्यली, आता कायले खोटं बोलू?"

शेवंताबाई आल्या तेव्हा भाऊंनी उभं राहून सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "मंग आमाले इचारलं काहून?"

  भाऊंनी खुर्ची ओढली, कोरं पान काढलं आणि निषेधाचा ठराव लिहून मोठ्यानं वाचला. सगळे हात वर झाले. माझाही झाला, पण जीभ गप्प बसेना. "भाऊ, हे वाचनार कोन?"

"कोनी नाई वाचनार, गुर्जी," शेवंताबाईंचा अंगठा शाईत धरून भाऊ म्हणाले. "पन लिहून नाई ठेवलं, त उद्या तेच म्हनतीन, कोनाची हरकतच नव्हती."