उलटी साखळी

बरोबर आलेलं गणित मन्मथप्पा ओल्या फडक्याने पुसून टाकत आणि चुकलेल्याला हात लावू देत नसत. त्यांच्या ओसरीची एक भिंत काजळी आणि शेण कालवून काळी केलेली होती आणि तिच्यावर मी खडूने गणितं सोडवायचो. आठवडाभर डोकं शिणवून चार सुटली की ती चारही गायब. फसलेली मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी तिथेच. शेजारची बाई विस्तव मागायला आली तरी भिंतीकडे बघून म्हणायची, "पटवाऱ्याच्या पोराचं आज बी न्हाई का सुटलं?" मी एकदा कळवळून म्हटलं, "आप्पा, एखादं तरी बरोबर राहू द्या की." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "बरुबर आलेलं तुझ्याजवळ हाय, भितीला कशाला पायजे? चुकलेलं मानूस लगी इसरतंय. म्हनून ते हितं ऱ्हाऊ दे."

आमचं गाव धर्मापुरी. दादा, म्हणजे माझे वडील, गावचे पटवारी. मी औरंगाबादेला कॉलेजात शिकायला होतो. शिक्षण सगळं उर्दूत, गणिताला रियाजी म्हणायचं आणि शिकवणाऱ्यांना उस्ताद. कलनाचा, म्हणजे कॅल्क्युलसचा, अर्धा भाग पहिल्या सहामाहीत झाला आणि दुसरी सहामाही सुरू होते न होते तोच मला हिवतापाने गाठलं. बैलगाडीत घालून मला गावी आणलं. मागोमाग उस्तादांचा निरोप आला की वर्गाला दिलेला सगळा गृहपाठ स्वतःच्या हाताने सोडवून महाशिवरात्रीच्या आत पोचवला तरच वार्षिक परीक्षेला बसता येईल. नाहीतर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर कॉलेज बंद करून दप्तर हातात घ्यायचं, पटवारकी शिकायची, हे दादांनी आधीच बजावून ठेवलं होतं. मला पटवारकी नको होती, गणित हवं होतं.

हवं होतं म्हणून ते होत होतं असं मात्र नाही. बशीर नावाचा माझा वर्गमित्र दर आठवड्याला उस्तादांचे प्रश्न स्वच्छ अक्षरात उतरवून टपालाने धाडायचा आणि शेवटच्या कागदावर उस्तादांनी दिलेली उत्तरंही लिहायचा. महिनाभरात असा ढीग साचला की तो दिसला की मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचो. ताप उतरला होता, पण मी दोन दिवस जास्त कण्हून घेतलं. कधी मधलंच एखादं उदाहरण धरायचं, अर्ध्यात सोडायचं, दुसरं धरायचं. उत्तराचा कागद शेजारी असायचाच. नजर चुकून तिकडे जायची आणि मग सगळंच सोपं वाटायचं. शेवटी एका सकाळी दादांनी कागदांसकट मला उचललं आणि मन्मथप्पांच्या ओसरीवर नेऊन बसवलं. "आप्पा, ह्या बापूला कामाला लावा," एवढंच बोलून ते चावडीवर गेले.

मन्मथप्पा बंदोबस्ताच्या खात्यात मोजणीदार होते. सारी हयात जमिनी मोजण्यात, मोजणीच्या साखळीमागे चालण्यात गेली आणि म्हातारपणी ते गावी येऊन राहिले. ठेंगणा बांधा, कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्याला भलामोठा पटका. चालताना त्यांचे ओठ सतत हलत. लोकांना वाटे म्हातारा जप करतोय, पण ते पावलं मोजत असत. देवळापासून आमच्या दारापर्यंत किती पावलं हे त्यांना विचारावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावं, आकडा तोच यायचा.

मी कागद पुढे केले. त्यांनी ते हातभर लांब धरून पाहिले आणि म्हणाले, "मला ह्यातलं एक अक्षर कळत न्हाई. पर लई काम असलं की ते कसं उरकायचं, तेवढं कळतंय. हे हाय तरी काय?"

विकलन-संकलन हे शब्द त्यांना काय कळणार, म्हणून मी म्हटलं, "मागच्या सहामाहीत मोडायला शिकवलं आप्पा, ह्या सहामाहीत जोडायला शिकवतात. मोडलेलं उलटं केलं की जोडलेलं मिळतं."

"आसं हाय व्हय," म्हणून त्यांनी मान हलवली. मला वाटलं, म्हाताऱ्याला काही समजलेलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला एकही उदाहरण सोडवू दिलं नाही. "गाव मोजाया गेलं की आदी शीव फिरायची. आत किती वावरं हायती ते बगायचं, मग साखळी सोडायची." म्हणून मी सगळे प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसते वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जमिनीची प्रतवारी करावी तशी माझ्याकडून गणितांची प्रतवारी करून घेतली. बघताक्षणी सुटेल ते बागायत, मेहनतीने सुटेल ते जिरायत, आणि कुठून धरावं हेच कळत नाही ते बरड. रोज दोन बागायत, दोन जिरायत, एक बरड. "निसतं बागायत केलंस तर माजशील, निसतं बरड केलंस तर मरशील," असा त्यांचा हिशेब. पाच झाली की खडू काढून घ्यायचे. सहावं करतो म्हटलं तर डाफरायचे, "कावून बे? उद्या सूर्य उगवायचा न्हाई का?"

आणि उत्तरांचे कागद? ते त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतले, घडी घातली आणि पटक्यात खोचले. माझं उत्तर आलं की पटका उतरवायचा, कागद उलगडायचा आणि भिंतीवरच्या खुणा आणि कागदावरच्या खुणा एकेक करून बोटाने ताडून बघायच्या. अर्थ कळत नव्हता, पण त्यांची नजर मोजणीदाराची होती. एक रेघ इकडची तिकडे झालेली सुटत नसे. जुळलं की मी ते कागदावर उतरवून घ्यायचं, मग फडकं.

त्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात मोडीत लिहिलेला एक शेताचा नंबर होता. जुनाट, पण पुन्हा पुन्हा गिरवलेला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ते माजं गणित हाय. तू तुजं बग."

ढीग उतरत गेला. माघ निम्मा होत आला तेव्हा थोडीच उदाहरणं उरली होती, आणि तेवढ्यात एका बरडाने मला आडवं केलं. माझ्या उत्तरात शेवटचं पद वजा येत होतं. आप्पा कागद बघून मान हलवायचे. पुन्हा केलं, पुन्हा वजा. आठ दिवस ते भिंतीवर बसून होतं. विस्तव मागायला येणारी बाईसुद्धा आता विचारायची थांबली होती. महाशिवरात्र जवळ आली. टपाल औरंगाबादेला पोचायचे दिवस धरले तर हातात चारपाचच दिवस उरत होते.

नवव्या दिवशी सकाळी आप्पा आंघोळीला गेले आणि पटका खुंटीवर राहिला. मी कागद काढला. उस्तादांच्या उत्तरात शेवटचं पद अधिक होतं. बस्स, एवढ्याचसाठी आठ दिवस! कागद जागच्या जागी ठेवला, आप्पांचा नियम मोडून भिंतीवरचं ते पुसलं आणि पुन्हा मांडत आलो. मधल्या एका ओळीत, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी, एक वजा अधिक करून टाकला. पुढचं सगळं मग आपोआप बरोबर आलं.

आप्पांनी ताडून पाहिलं. जुळलं. मी फडक्याला हात घातला.

"थांब," ते म्हणाले. "आठ दिस आडलेलं आज एका झटक्यात कसं सुटलं? साखळी गेली त्या वाटंनं परत आनल्याबिगर मोजनी पुरी व्हत न्हाई. मोडायला शिकलास म्हनला व्हतास न्हवं मागल्या सहामाहीत? मग ह्ये मोड. निगालास तितं येतोस का बगू."

मी मोडत गेलो. शेवटच्या ओळीत जे आलं ते मूळ प्रश्नासारखं नव्हतं. आप्पांनी वरचा प्रश्न आणि खालची ओळ बोटाने ताडली. "ह्ये त्ये न्हाई."

"पण कागदावर तर अधिकच आहे!" मी बोलून गेलो.

आप्पांनी माझ्याकडे नाही, पटक्याकडे पाहिलं. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "आदीचं काड. वजाचं."

भिंतीच्या उरलेल्या जागेत मी माझं जुनं उत्तर लिहिलं आणि मोडत आलो. ओळीमागून ओळ उतरत थेट मूळ प्रश्नावर येऊन थांबली, खुणेला खूण लागून.

"मंजी आठ दिस तू बरुबर व्हतास," आप्पा म्हणाले, "आन आज चुकलास."

मग खाली बसून त्यांनी कोपऱ्यातल्या नंबराचं सांगितलं. तरुणपणी एका गावी एका विधवेचं शेत मोजताना त्यांची साखळी जुन्या नकाशाशी जुळेना. वरचा अंमलदार घाई करत होता. नकाशा मोठ्या माणसांनी केलेला, तो कसा चुकेल, म्हणून त्यांनी साखळी थोडी ओढून जुळवली. बांधालगतची पट्टी शेजाऱ्याकडे गेली. पुढे उलट मोजणी केली तेव्हा कळलं की नकाशाच चुकला होता. त्यांनी अर्ज केले, पण दप्तरातली नोंद बदलली नाही, आणि ती बाई गाव सोडून गेली. "ती मला काय बी बोलली न्हाई रे," ते म्हणाले. "निसती बांदावर हुबी ऱ्हायली."

आता प्रश्न होता पाठवायचं काय. दादांना विचारलं तर ते म्हणाले, "उस्ताद म्हणतात ते लिही. तुझ्या हुशारीपायी वर्ष घालवू नकोस." उस्ताद तापट होते, आणि त्यांचं उत्तर चूक म्हणणं म्हणजे उद्धटपणाच. मी आप्पांकडे गेलो. "म्या सांगनार न्हाई," ते म्हणाले. "साखळी तुज्या हातात हाय."

मी वजा लिहिला. खाली उलट मोडून दाखवलं आणि पाकीट टपालात टाकलं. पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. रोज टपालवाल्याच्या वाटेवर मी वेशीपर्यंत जाऊन यायचो.

बशीरचं पत्र आलं. परीक्षेला बसायची परवानगी मिळाली होती. खाली त्याने लिहिलं होतं की ते उत्तर उस्तादांकडूनच चुकलं होतं आणि अख्ख्या वर्गाने मोठ्या मेहनतीने तेच चुकीचं उत्तर काढून दाखवलं होतं, स्वतः बशीर धरून. माझा कागद वाचून उस्तादांनी आधी भुवया चढवल्या, मग फळ्यावर स्वतः मोडून पाहिलं आणि खडू खाली ठेवला.

मी पत्र घेऊन पळत ओसरीवर गेलो. वजाचं बरोबर गणित आप्पांनी केव्हाच पुसलं होतं. माझं अधिकवालं खोटं मात्र जसंच्या तसं होतं. "हे आता पुसू का?" मी विचारलं. "गनित सुटलं," ते म्हणाले, "खोटं आजून सुटायचं हाय. ऱ्हाऊ दे."

पुढे मी गणिताचाच मास्तर झालो. आप्पा गेल्याचं पत्र मला उशिरा मिळालं. सुट्टीत गावी गेलो तोवर त्यांची समाधीही बांधून झाली होती. ओसरीवर त्यांची सून दिवाळीचं सारवण करत होती. काळी भिंत कधीच मातकट झाली होती, पण दोन जागा तिने दर वर्षी सोडल्या होत्या. वर तो नंबर आणि खाली माझं गणित, फिकटलेलं आणि थरथरत्या हाताने पुन्हा पुन्हा गिरवलेलं. एकाही खुणेचा अर्थ न कळता त्यांनी ते इतकी वर्षं गिरवलं होतं. मला रडू आवरलं नाही.

"मामंजी म्हनलं व्हते," ती म्हणाली, "बापू आला आन आता पोरान्ला शिकवतो म्हनला, तर इचारा त्येला, पोरान्ला उलटं आनाया लावतो का. लावत आसंल तर त्येचं त्येला पुसू द्या. माजं ऱ्हाऊ द्या."

"लावतो," मी म्हटलं. "रोज लावतो."

तिने बादलीतलं फडकं पिळून माझ्या हातात दिलं. मी पुसलं. मग तिने शेणाचा हात मारला, आणि वरच्या कोपऱ्यात आल्यावर त्या नंबराच्या कडेकडेने वळवून घेतला.