लिलावाचा दिवस

बाल्कनीत कांद्याची गोणी सोडली आणि त्या उग्र, धुळकट वासाबरोबर अण्णा आठवले. माझे वडील विंचूरच्या बाजारात कांद्याचे व्यापारी होते.

बारावीनंतरची गोष्ट. संगीताच्या पदवीचा फॉर्म मांडीवर घेऊन मी गंगापूर रोडवरच्या कॉलेजच्या पायरीवर बसले होते. अण्णा सकाळच्या एसटीने आले. शर्ट इस्त्रीचा होता, तरी कॉलरला कांद्याचा एक लालसर पापुद्रा चिकटलाच होता. आत कुणीतरी तानपुरा लावत होतं. ते बराच वेळ ऐकत बसले आणि मग म्हणाले, "गाण्यावाचून राहवंल का गं तुला?"

त्यांना नकार द्यायचा आहे असं मी धरूनच चालले होते. त्यांना अवघड नको म्हणून म्हटलं, "राहवेल की. बी.कॉम. करते."

"बरं," ते म्हणाले. आम्ही चहा घेतला आणि ते परत गेले.

अण्णांसाठी गाणं सोडलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. आज पापुद्रे झाडताना लक्षात आलं, तो ऐन हंगामातला लिलावाचा दिवस होता. नुसतं नाही म्हणायला कुणी लिलाव बुडवून येत नाही.