फाळक्याचा आवाज
नारायण पेठेत आमच्या खालच्या दुकानाचं शटर सकाळी खाडकन वर गेलं, की माझ्या उजव्या मनगटात कळ येते. काही वर्षांपूर्वी शर्यतीतून निवृत्त झालेला एक घोडा सांभाळायला म्हणून आम्ही लोणी काळभोरच्या शेतावर आणला, त्या सकाळची ही कळ. टेम्पो मागून बांधाला लावला होता. मी आत घोड्याजवळ उभी होते आणि तो निसटू नये म्हणून दोर मनगटाला गुंडाळून घ्यायचा शहाणपणा मी केला होता. ड्रायव्हरने मागचा फाळका धाडकन पाडला. घोड्याला वाटलं शर्यतीचं फाटकच उघडलं, आणि त्याने झेप घेतली. मी त्याच्यामागे ढेकळांतून फरफटत निघाले. तोंडात माती, कानाशी टापा आणि उसापलीकडे सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकचे हॉर्न. "ताई, दोर सोडा!" घोड्याबरोबर आलेला, त्याची निगा राखणारा म्हातारा मोतद्दार ओरडत होता, पण दोरच मला सोडत नव्हता. शेवटी पीळ सुटला आणि घोडा एकटाच रस्त्याच्या दिशेने गेला. आता ब्रेक करकचणार, म्हणून मी डोळे मिटून पडून राहिले. ऐकू आल्या त्या परत टापाच. सवयीने शेताला पुरी फेरी मारून तो मोतद्दारापाशी थांबला होता, घामाने निथळत, लटलट कापत. "जिंकलास रे बाळा, आता बास," म्हातारा त्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला. हल्ली शेजारी फाळका पडला तरी घोडा घासातून तोंड वर काढत नाही. दचकते ती मीच.