साहेबाचा गोल्फ आणि आबांची मिशी

"ढुंगण मागे काढ! मागे, मरे, मागे! आनि मान खाली! सुक्या बोंबलासारखो ताठ कित्याक रवलंस?"

ही वाक्यं इनासबाबाने माझ्या बायकोच्या, माझ्या सासूबाईंच्या आणि अकरा गुरांच्या समक्ष उच्चारली. गुरांनी मान वळवून चरायला सुरुवात केली. सासूबाई मात्र अधिक नीट ऐकू यावं म्हणून दोन पावलं पुढे आल्या.

मी त्या वेळी गावावरच्या सड्यावर, उघड्या कातळात, हातात लोखंडी काठी धरून एका पांढऱ्या चेंडूपुढे वाकून उभा होतो. मी गोल्फ शिकत होतो. मालवणच्या किनाऱ्यावर माणसाने होडी वल्हवायला शिकावं, माडावर चढायला शिकावं, गेला बाजार दशावतारात राक्षसाचं काम तरी शिकावं. गोल्फ शिकणारा साऱ्या पंचक्रोशीत मी पहिला, आणि माझी दशा बघितल्यावर शेवटचाही!

त्याचं असं झालं. मी मुंबईला फोर्टातल्या एका विलायती कंपनीत कारकून होतो. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं लोटली होती, पण आमच्या मोठ्या साहेबाला ही बातमी कुणी अजून कळवलेली नव्हती. ऑफिसातला हेडक्लार्क म्हातारा होऊन घरी बसायच्या बेतात होता आणि त्याच्या खुर्चीवर दोघांचा डोळा होता. एक मी, आणि दुसरा सबनीस. (सबनीस म्हणजे साहेब मोटारीतून उतरायच्या आधीच पावसाचा अंदाज घेऊन छत्री उघडणारा माणूस!) एका संध्याकाळी साहेबाने मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तुला गोल्फची काही माहिती आहे का?"

"येस सर!" मी म्हणालो. साहेबाने 'वाघ पाळतोस का?' असं विचारलं असतं तरी मी हेच म्हणालो असतो.

"छान. रजेवरून आलास की पहिल्या रविवारी माझ्याबरोबर मैदानावर चल."

झालं! मला खुर्ची दिसायला लागली. साहेब खेळायला बोलावतो म्हणजे काय! मी चोरबाजारातून एक काठी आणि तीन चेंडू पैदा केले आणि महिन्याच्या रजेवर मालवणची बोट पकडली. पडावातून किनाऱ्याला लागताना खलाशाने काठीकडे बघून विचारलं, "ह्या काय रे? गटार उपसूचा काय?" मी तुच्छतेने हसलो. कुणी कुणाला तुच्छतेने हसायचं, हा क्रम पुढे उलटा झाला.

आमच्या गावात गोल्फ डोळ्यांनी पाहिलेला प्राणी एकच, इनासबाब. बेळगावच्या छावणीत एका कर्नलची गोल्फची पिशवी त्याने अठरा वर्षं खांद्यावरून वाहिली होती. पुढे कर्नल विलायतेला गेला आणि इनासबाब गावाला परतला. येताना कर्नलचा खाकी टोप आणि कर्नलच्या सगळ्या शिव्या त्याने जपून आणल्या. मी शिकवणीचं विचारताच त्याने टोप डोक्यावर चढवला. तो महिनाभर उतरला नाही.

पहिल्या दिवशी तो सड्यावर एक गोणपाट घेऊन आला. त्यात बांबूचे चार दांडे खोचलेले.

"उचल," तो म्हणाला.

"काय उचलू?"

"पिशयी. डाव्या खांद्यार. काठ्यांचो आवाज जाता नये. साहेब मारता तेवा आपली सावळी खंय पडता ती बघूची, चेंडवार पडूक नाय. आनि खोकलो इलो तर गिळूचो."

मी पोट धरून हसलो. "इनासबाब, ह्या हमालाचा काम! ता तुझ्याकडेच रवांदे. माका मारूक शिकव."

इनासबाबाने विडी कातळावर घासून विझवली, उरलेली कानावर ठेवली आणि म्हणाला, "बरां. तसा तर तसा."

आणि माझे हाल सुरू झाले. गोल्फात म्हणे सगळी करामत त्या काठीच्या झोक्यात असते. गुडघे वाकवायचे पण बसायचं नाही, कंबर फिरवायची पण पाय हलवायचे नाहीत, जोर लावायचा पण जोर लावतोय असं दिसू द्यायचं नाही. (सरकारी नोकरीच म्हणा ना!) पहिल्या आठवड्यात माझी काठी चेंडूला एकदाही लागली नाही. कातळाला मात्र भरपूर लागली. दर फटक्याला ठिणग्या उडत आणि हिरड्यांमधून देवळातली घंटा वाजे. एकदा ती इनासबाबाच्या अंगठ्याला लागली. त्या दिवशी मला कर्नलच्या राखीव शिव्या ऐकायला मिळाल्या.

"ह्याच्यापेक्षा आमची पोरां इटी-दांडू बरो खेळतत," बघायला जमलेल्या गुराख्यांपैकी एकजण म्हणाला.

मी चिडून इनासबाबाला म्हणालो, "तूच एक मारून दाखव बघू!"

"मी?" तो खरोखर दचकला. "मी कित्याक मारू? अठरा वर्सां कर्नल मारी, मी बघी."

म्हणजे माझ्या गुरूने जन्मात एकदाही चेंडू मारला नव्हता! पण दुसऱ्याचं चुकतंय कुठे ते त्याला तंतोतंत कळे. (असे लोक पुढे मी मुंबईत पुष्कळ पाहिले. ते वर्तमानपत्रात लिहितात.) माझा रोग त्याने ओळखला होता. काठी खाली यायच्या क्षणी मी मान वर उचलून चेंडू कुठे गेला ते बघत असे, आणि चेंडू जागच्या जागी बसून माझ्याकडे बघत असे.

यावर उपाय काढला माझ्या बायकोने. "कोळणी डोक्यार टोपली घेऊन दोन कोस चलतत. तेंची मान हालता काय? तुमच्या डोक्यार ठेवा टोपली. नायतरी आत काय नाय, वयर तरी कायतरी असांदे!"

इनासबाबाने टोपाला हात लावून तिला सलाम केला. बायकोने ताजे बांगडे भरलेली टोपली आणली.

"रिकामी चालली नसती?" मी विचारलं.

"रिकामी पडली तर तुमका काय वाटाचा? ह्ये पडले तर दुपारी जेवतलास काय?"

तर्क बिनतोड होता. डोक्यावर बांगडे, हातात काठी, मागे ढुंगण, खाली मान, अशा अवस्थेत मी काठी मागे नेली. टोपलीवर दोन कावळे येऊन बसले. मी हललो नाही. बांगड्याचं पाणी नाकावरून ओघळलं. मी हललो नाही. सासूबाई ओरडल्या, "घार! घार इली!" आणि डोक्यावर पंखांचा फडफडाट झाला. मी डोळे घट्ट मिटले आणि जीव खाऊन काठी फिरवली.

टण्ण!

डोळे उघडले तर समोर चेंडू नव्हता. तो आभाळात होता! सरळ, उंच, देखणा असा तो सड्याच्या कडेवरून आमच्या घराच्या दिशेने उतरत होता.

"जेझू!" इनासबाब छातीवर क्रूस काढत म्हणाला. "असो हात कर्नलाचो सुदां नाय!"

खाली घरापुढच्या खळ्यात माझे वडील, आबा, न्हाव्यापुढे बसले होते. आबांच्या मिशा चाळीस वर्षांच्या. आम्हा भावंडांपेक्षा त्यांचं संगोपन जास्त काळजीने झालं होतं. चेंडू कौलांवर आदळला, घरंगळला आणि न्हाव्याच्या पितळी वाटीत ठाण्णकन पडला. न्हावी उडाला. वस्तरा त्याच्या हातातच होता. आबांची डावी मिशी मात्र आबांकडे राहिली नाही.

एका मिशीचा माणूस गावात फिरू शकत नाही. न्हाव्याने उजवीही काढली. मी काठीसकट धावत खाली आलो. आबांनी आधी काठीकडे बघितलं आणि मग माझ्या डोक्याकडे, अंतर मोजल्यासारखं.

पण खरा घोटाळा पुढेच होता. आमच्याकडे बापईमाणूस मिशी उतरवतो तो घरातलं वडीलधारं माणूस गेलं तरच! तासाभरात शेजारी जमू लागले. ओटीवर बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या. घरात आबांहून वडील असे एकच उरले होते, कणकवलीला दुकान चालवणारे त्यांचे थोरले भाऊ दादाकाका. लोकांनी सोयीस्करपणे त्यांना मारलं.

"कोण मराक नाय!" आबा ओरडले.

"धक्को बसलोहा," लोक एकमेकांना हळूच म्हणाले. "बिचाऱ्याक खरा वाटणा नाय."

मी खरं काय ते सांगायला गेलो. कातळावर, काठीने, डोक्यावर बांगडे घेऊन. लोकांनी माझ्याकडेही दयेने बघितलं. "काकाचो लळा होतो हो पोराक."

घरात कुणीतरी गेलं एवढीच बातमी एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर कणकवलीला पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने खुद्द दादाकाका धावत आले. ते स्टॅंडवर उतरले तेव्हा गाडीत चढायला उभी असलेली दोन माणसं भूत बघितल्यासारखी पळत सुटली. दादाकाका धापा टाकत खळ्यात शिरले. ओटीवरचं रडणं एकदम थांबलं. त्यांनी आबांच्या गुळगुळीत ओठाकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"आबा, कोण गेलो रे?"

"तू," आबा म्हणाले.

त्यानंतर मला घरी राहणं शहाणपणाचं वाटेना. रजा चार दिवस उरली असतानाच मी बोट पकडली. पण मनात काळजी नव्हती. हात जमला होता! कर्नलचा सुदां नाय असा हात!

रविवारी मी इस्त्रीची पॅंट घालून मैदानावर पोचलो. साहेबाने माझी काठी बघितली, ती दोन बोटांनी बाजूला ठेवली आणि एक मणभर वजनाची चामड्याची पिशवी माझ्या अंगावर टाकली.

"उचल. माझा नेहमीचा माणूस आजारी आहे."

मी पिशवी उजव्या खांद्यावर घेतली. तीही उलटी. चौदा काठ्या खडखडत हिरवळीवर पसरल्या. त्या गोळा करून उभा राहिलो तो नेमकी माझी सावली साहेबाच्या चेंडूवर. साहेबाने काठी मागे नेली आणि मला खोकला आला. मी तो गिळला नाही.

तिसऱ्या खड्ड्यापाशी साहेबाने मला घरी पाठवलं. पुढच्या रविवारी सबनीस गेला. दिवाळीच्या आत सबनीस हेडक्लार्कच्या खुर्चीत होता.

पुढच्या रजेत मी बोटीतून उतरलो तो थेट इनासबाबाच्या दारात. तो अंगणात जाळं विणत बसला होता. डोक्यावर टोप नव्हता.

"इनासबाब!" मी कळवळून ओरडलो. "साहेबाक खेळणारो नको होतो रे, पिशयी उचलणारो व्हयो होतो! अठरा वर्सां तू ताच केलंस. माझी खुर्ची गेली! माका ता शिकवूक काय झाल्ला तुका?"

इनासबाबाने जाळ्याची गाठ दातांनी घट्ट केली.

"पयल्या दिसाक थयसूनच सुरवात केललंय," तो म्हणाला. "तू म्हणालंस, हमालाचा काम."