जोसेफच्या गाडीखालचे तीन ठोके

२०२३ सालची गोष्ट. तेव्हा माझं वय एकाहत्तर. माझा दोस्त मनोहर माझ्याहून चार महिन्यांनी लहान आहे, पण ते तो मानत नाही.

तुमच्या या सदरात लोकं काय काय लिहितात ते मी दर महिन्याले वाचतो. पिंपळावरची बाई, आपोआप फिरणारा पंखा... वाचतो अन् हसतो. माझा या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. नागपूरजवळ वाडीले अमरावती रोडवर माझं ट्रकच्या कमान्यांचं दुकान आहे. ट्रकवाले पुढे लिंबू-मिरची बांधून आणत. मी म्हणायचो, "ते राहू दे बांधलेलं, खालचा पाटा तुटला आहे त्याचं बोल." मी चौथी पास. हे मीच लिहून राहिलो. नात म्हणाली शुद्धलेखन पाहून देते. मी म्हणलं पाहा, पण शब्दाले हात लावशील तर खबरदार.

ज्याले माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. कमानी म्हणजे चाकाच्या वर लोखंडी पाट्यांची जी थप्पी असते ना, ती. गाडीचा सारा भार तिच्यावर. पाट्यावर हातोडी मारली की आवाजावरून मी सांगतो — आख्खा आहे का तडकला. आख्खा पाटा गातो. तडकलेला खोकलतो. बारा वर्षांचा होतो तेव्हापासून हेच काम. माझा कान चुकला असं वाडीत एक माणूस म्हणून दाखवू दे.

तर मनोहर. नागपूरच्याच बेसा भागात राहते, पोराजवळ. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर. दुसऱ्याले तिकीट फाडून देता देता स्वतः कुठे फिरायले गेलाच नाही. त्याचा भाचा प्रशांत नैरोबीले नोकरीले आहे. त्याचा फोन आला, "मामा, या ना केनियाले. हत्ती दाखवतो, किलिमांजारो पहाड दाखवतो." मनोहर दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात हजर.

"नाम्या, चाल."

"कुठे बे?"

"आफ्रिकेले."

"मले वाटलं चहाले."

पण गेलो. दोघांचीही पहिलीच सहल. पासपोर्टच्या फोटोत आम्ही दोघंही फरार आरोपी दिसतो.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढे तिचं काम आहे. मनोहरचा डावा कान नोकरीतच गेला होता. सीताबर्डीच्या कानाच्या डॉक्टरने तपासून सांगितलं होतं, नस मेली, आता काही होत नाही. राहिला उजवा. तो विमानात दडे बसून बंद पडला. नैरोबीले उतरलो तर गडी ठार बहिरा! हातवारे करायचे, नाहीतर कानात तोंड घालून बोंबलायचं. एअरपोर्टवर मी ओरडलो, "मन्या, बॅग आली!" तर तीन पोलीस वळून पाहायले लागले. मनोहर नाही वळला.

दोन दिवसांनी सकाळी सहाले निघालो, हत्तीच्या जंगलाकडे. अंबोसेली म्हणतात त्याले. गाडी मोठी, छप्पर वर उघडणारी, जुनी पण दणकट. ड्रायव्हर जोसेफ, पन्नाशीचा, शांत माणूस. पुढे तो अन् प्रशांत, मागच्या चाकांवर आम्ही दोघं. नमांगा नावाच्या गावातून डावीकडे वळलो की डांबर संपते. जोसेफ म्हणते, आता "मुरम". मी म्हणलं, काय म्हणाला? प्रशांत म्हणते, "काका, इथेही मुरूमच म्हणतात. अन् गाडीले गारी, दुकानाले दुका." मले बरं वाटलं. मुलूख अगदीच परका नव्हता.

रस्ता मात्र पन्हाळी पत्र्यावाणी. सारं अंग थरथरे. मागून डाव्या बाजूने बारीक कुरकुर येऊन राहिली होती. अर्ध्या तासाने जोसेफने एका पत्र्याच्या दुकानासमोर गाडी थांबवली. चहा सांगितला, अन् गाडीखाली वाकून पाहायले लागला. प्रशांतले काहीतरी म्हणाला.

"काका, जोसेफ म्हणतो की नमांगाले परत जाऊ. तिथे गॅरेज आहे. एकदा दाखवून घेतो म्हणतो."

मले हसू आलं. "मी मेलो का? त्याले म्हण, हातोडी दे."

जोसेफने हातोडी दिली. खाली अंथरायले पोतं दिलं. मी गेलो गाडीखाली. चारही कमान्या. एक एक पाटा ठोकला, कान लावला. सारे गायले. डावीकडची मागची कमानी दोनदा ठोकली. ती पण गायली. बाहेर आलो, कपडे झटकले, मनोहरले हाताने "बराबर आहे" अशी खूण केली, चार लोकं जमले होते त्यांच्यासमोर छाती काढून म्हणलं, "गाडी सोन्यासारखी आहे. कुरकुर धुळीची आहे. चला!"

जोसेफ तरी घुटमळे. प्रशांतने त्याले सांगितलं की हा म्हातारा इंडियाचा मोठा मिस्त्री आहे. मिस्त्रीले तिथे फुंडी म्हणतात. जोसेफ "फुंडी, फुंडी" म्हणाला, माझ्या हाताले हात लावला अन् मान डोलावली. माझ्या शब्दावर तो माणूस निघाला. हे ध्यानात ठेवा.

आम्ही दोघं मागे जाऊन बसलो. प्रशांत दुकानात पाण्याच्या बाटल्या घेऊन राहिला होता, जोसेफ दूर नळावर हात धुऊन राहिला होता. इंजिन बंद. गाडी जागच्या जागी उभी. वेळ सकाळची साडेदहा, डोक्यावर लख्ख ऊन.

अन् माझ्या पायाखाली तीन ठोके पडले.

ठक्. ठक्. ठक्.

लोखंडावर लाकडाचे.

आता ऐका. माझे उस्ताद रहमानभाई — ज्यांच्या हाताखाली मी बाराव्या वर्षी लागलो — त्यांची एक रीत होती. काम झालं की मालकाले गाडी द्यायच्या आधी ते खाली बसत. हातोडी उलटी धरत अन् लाकडी दांड्याने चेसिसवर ठोकत. दोन ठोके म्हणजे "जाऊ दे". तीन ठोके म्हणजे "थांबव". तोंडाने बोलत नसत, कारण मालक बाजूले उभा असे अन् पोराची चूक ते मालकासमोर काढत नसत. तीन ठोके पडले की मी चुपचाप पुन्हा गाडीखाली. काहीतरी राहिलंच असे. दर वेळेस.

उस्ताद जाऊन तीस वर्षं झाली.

मी खाली वाकून पाहिलं. कोणी नाही. गाडीखाली पोतं तसंच पडलेलं होतं, बाकी मोकळी जमीन. कुत्रं नाही, कोंबडी नाही. मनोहरकडे पाहिलं. तो सरळ समोर पाहून राहिला होता. त्याले कुठलं ऐकू येते!

इथे मी चूक केली, अन् ती चूक लिहायलेच मी हा कागद घेतला. मी आत्ताच चार लोकांत बोललो होतो की गाडी सोन्यासारखी आहे. आता उतरून काय सांगू? मेलेला उस्ताद ठोकून राहिला? मी तोंड बंद ठेवलं. जोसेफ आला, पोतं मागे टाकलं, गाडी निघाली.

दहा मिनिटं गेली असतील. पुढे उतार लागला. उतार संपते तिथे कोरडी नदी, तिच्यावर अरुंद पूल. कठडा नाही. खाली माणूसभर खोलीवर दगडं. जोसेफने उतारावर गाडी घातली, अन् पुन्हा तेच. ठक्. ठक्. ठक्. एवढ्या खडखडाटातही वेगळे. जसं कोणी तळव्यालेच मारून राहिलं.

मनोहरने माझं मनगट धरलं. ठार बहिरा मनोहर. त्याचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

"नाम्या," तो ओरडला, बहिरा माणूस ओरडूनच बोलते, "खालून कोन ठोकून राहिलं बे?"

मी जोसेफच्या खांद्यावर थाप मारली. "रोक! रोक! रोक!"

गाडी थांबली. पुलाच्या पन्नासेक पावलं अलीकडे.

प्रशांत वळला. "काय झालं काका?"

"आवाज नाही आला तुले?"

"कसला आवाज?"

जोसेफलेही नाही आला. दोघंही आमच्याकडे पाहून राहिले, म्हातारे उन्हाने फिरले म्हणून.

"गाडी हलणार नाही," मी म्हणलं.

"पण काका, आत्ताच तर तुम्हीच म्हणाले ना..."

"मी म्हणलो होतो. मी चुकलो. त्याले चाक खोलायले सांग."

हे दोन शब्द — मी चुकलो — वाडीत कोणी माझ्या तोंडून ऐकले नसतील. बायकोनेही नाही.

जॅक लावला. डावीकडचं मागचं चाक काढलं. कमानी धुऱ्यावर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, आवळून धरायले मोठ्या कड्या असतात, त्यांच्या नटांवर माती बसून गोळा झालेला होता. जोसेफने माती फोडली, नट सैल केले. कमानीच्या मधात एक बोल्ट असते, साऱ्या पाट्यांना अन् धुऱ्याले जागेवर ठेवते. तो बोल्ट दोन तुकडे होऊन हातात आला. अर्धी मोड जुनी, गंजलेली. अर्धी ताजी, चकाकणारी. अन् त्याच भोकापाशी मुख्य पाटा तडकला होता. कड्यांनी आवळून धरल्यामुळे तो गात होता. माझा कान तिथे फसला. धुरा दोन बोटं मागे सरकला होता. पुलावर एक गचका बसला असता तर चाक आडवं झालं असतं.

जोसेफने पुलाकडे पाहिलं. मग तिथेच मुरमावर बसला. तिथूनच मले विचारलं, प्रशांतने मराठीत सांगितलं, "तो म्हणतो, फुंडी, तुम्हाले कसं समजलं?"

मनोहर माझ्या कानात ओरडून राहिला होता, "काय म्हनते तो? काय म्हनते?"

नमांगाहून मिस्त्री आला, पाटा अन् बोल्ट घेऊन. मी कामाले हात लावला नाही, फक्त पाहिलं. काम चांगलं केलं त्याने. संध्याकाळी मुक्कामाले पोचलो. हत्ती दिसले, वीसेक तरी असतील, पिल्लांसकट. पहाड ढगात होता.

आता तुम्ही म्हणाल, तुटलेला बोल्टच वाजला. मीही हेच म्हणलं असतं. पण पहिल्यांदा गाडी उभी होती, इंजिन बंद होतं. तुटका बोल्ट उभ्या गाडीत मोजून तीनदा वाजत नाही. अन् लाकडाचा आवाज? त्या गाडीखाली लाकडाचा तुकडाही नव्हता, मी स्वतः पाहिलं. बरं, माझं सोडा, मी उस्तादांचा चेला, मले भास झाला धरा. मनोहरचं काय? उस्तादांची ती रीत त्याले माहीतच नव्हती, मी कधी कोणाले सांगितली नव्हती. नागपूरले आल्यावर त्याचा उजवा कान सुटला. डावा त्याच डॉक्टरने पुन्हा तपासला. मेलेला तो मेलेलाच. मनोहर म्हणते, ठोके त्या डाव्या कानातच आले. मी दीड-दोन वर्षं डोकं खाजवलं. मले उत्तर नाही सापडलं. कोणाजवळ असेल तर सांगा, पण गाडीखाली गेलेल्या माणसाने सांगा. नुसतं पुस्तकातलं नको.

दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगतो अन् थांबतो.

रात्रभर माझ्या डोळ्याले डोळा लागला नाही. पहिले ठोके ऐकून मी चूप बसलो होतो, हे कोणाले माहीत नव्हतं. मी नसतं सांगितलं तर कधीच माहीत झालं नसतं. सकाळी आम्ही नाश्त्याले बसलो. समोर ढग हटले होते, पहाड पूर्ण दिसून राहिला होता, वर पांढरा. मनोहर त्याच्याकडे पाहून लहान लेकरावाणी हसून राहिला होता. मी त्याच्याजवळ सरकलो.

"मन्या, पहिल्यांदा ठोके पडले ते मी ऐकले होते."

"काय?"

"म्हणलं, ठोके! चहाच्या दुकानापाशी!"

"जरा जोराने बोल ना गा!"

मग मी ओरडलो. साऱ्या जेवणघरात ऐकू जाईल असं ओरडलो. "मी ऐकलं होतं! तिथेच ऐकलं होतं! चारचौघात माझं नाक कापलं जाईल म्हणून चूप बसलो! तुले मारायले निघालो होतो मी, मन्या!"

गोरे पाहुणे चमचे धरून थांबले. प्रशांत दारात, त्याच्यामागे जोसेफ. मनोहरने चहाचा कप खाली ठेवला.

"मलेही आले होते," तो म्हणाला.

"काय?"

"ते पहिलेवाले. उभ्या गाडीत. मलेही ऐकू आले होते."

"मंग बोलला काहून नाही बे?" मी त्याच्या कानात ओरडलो.

"तू म्हनला होता ना, गाडी बराबर आहे म्हनून." एवढं बोलून त्याने ब्रेड उचलला अन् पुन्हा पहाडाकडे पाहायले लागला.

मी उठलो. जोसेफले हाताने खूण करून गाडीपाशी नेलं. त्याची हातोडी घेतली, खाली शिरलो, चारही कमान्या ठोकल्या, कड्या ओढून पाहिल्या, नटांवरची माती काढून पाहिली. बाहेर आलो, अन् हातोडी त्याच्यापुढे धरली.

"आता तू पाहा," मी म्हणलं. मराठीतच म्हणलं. त्याले समजलं.

जोसेफ गाडीखाली गेला. त्याने सावकाश पाहिलं, एक एक. तो बाहेर येईस्तोवर मी बाजूच्या दगडावर बसून राहिलो.