सासूबाईंच्या नावाचा कोळी

“काय म्हणालीस? कोळ्याला सासूबाईंचं नाव? अगं, कोळी दिसला की चप्पल उचलतात त्या!”

“तीच तर गंमत आहे ताई. आता उचलायच्या आधी दोनदा विचार करतील.”

धाकटी हसत हसत बाटल्यांचा ट्रे घेऊन कपाटाकडं गेली. थोरलीला हसू फुटलं नाही.

दोघी सख्ख्या जावा, आणि संग्रहालयाच्या एकाच खोलीत दोघींची टेबलं. थोरली चित्रकार. दूरच्या पावसाळी जंगलातला पालापाचोळा चाळून आणलेले मोहरीएवढाले कोळी स्पिरिटात बुडून इथं यायचे, आणि ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांची चित्रं काढायची. यात वीसेक वर्षं गेली. तिच्या चित्रांवर कितीतरी नव्या जाती उभ्या राहिल्या. तिचं नाव यायचं शोधनिबंधाच्या शेवटी, आभारात, गाडीच्या ड्रायव्हरच्या खाली. आणि ही धाकटी, काल लग्न होऊन आलेली, जंगलात गेली, अंगावर जळवा घेऊन परतली आणि पहिल्याच फेरीत नवी जात घेऊन बसली!

घरात तर विचारूच नका. सासूबाईंनी सगळ्या गल्लीत डांगोरा पिटला होता. “माझ्या नावाला लॅटिन शेपूट लागणार म्हणे! धाकटी गुणाचीच हो. थोरलीपण करते काहीतरी तिथं, चित्रंबित्रं.”

ते ‘बित्रं’ थोरलीला मिरचीसारखं झोंबलं. हा मेला कोळी जुनाच निघू दे, एवढंच तिला हवं होतं. जुना निघाला की नवं नाव बाद, आणि सासूबाईंचं शेपूटही गळालं.

कोळ्याची जात ठरते ती नराच्या स्पर्शकांवरून. तोंडाशी दोन आखूड पायांसारखे असतात ते. टोकाला गाठ, गाठीवर बारीक सुई. ती कशी वळते ते बघायचं. दोन बाजूंचे स्पर्शक एकमेकांची आरशातली रूपं, म्हणून सगळ्या जगानं ठरवून घेतलंय, की चित्रात काढायचा तो डावाच.

धाकटी विभागाच्या साहेबांच्या खोलीत गेलेली बघून थोरलीनं तिची कुपी उघडली. आत सुटा काढून ठेवलेला स्पर्शक. भिंगाखाली धरला, शेजारी स्वतःचंच एक जुनं चित्र ठेवलं. सुई तिथंही उजवीकडं, इथंही उजवीकडं. तोच बाक, तोच काटा! थोरलीच्या अंगात वारं भरलं.

हळूच जाऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तिला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. चहाला सगळा विभाग जमल्यावर ती चांगली मोठ्यानं म्हणाली, “साहेब, हिचा नवा कोळी म्हणजे आपला जुनाच. मीच काढलाय तो मागं. बघा की जुळवून.”

धाकटीचा कप हातातच राहिला. साहेब उठून भिंगाशी गेले. एकदा चित्र, एकदा भिंग. “जुळतंय खरं,” ते म्हणाले.

थोरलीनं चहाचा घोट घेतला. असा गोड चहा कित्येक वर्षांत झाला नव्हता.

“ताई,” धाकटी चाचरत म्हणाली, “तो उजवा आहे.”

“काय उजवा?”

“स्पर्शक. डावा तुटलेलाच होता, नर सापडला तेव्हाच. हे बघा ना त्याचं धड.” तिनं दुसरी कुपी पुढं केली. डाव्या बाजूला नुसता खुंट.

थोरलीनं पाहिलं आणि कप खाली ठेवला. उजवा जर जुन्या चित्रातल्या डाव्यासारखा दिसत असेल, तर याचा डावा बरोब्बर उलटा. म्हणजे जात वेगळी, शंभर टक्के नवी. इतकी वर्षं डावेच काढून काढून तिच्या डोळ्याला दुसरी बाजू असते याचं भानच उरलं नव्हतं. आणि ते कळलं कधी, तर सगळा विभाग कप धरून उभा असताना.

“चला, तुमच्यामुळं खात्री तरी झाली,” साहेब म्हणाले. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, तरी तो बसला. “चित्र कधी देताय? उलटवून काढा म्हणजे झालं.”

“तुम्हीच काढा हं ताई,” धाकटी म्हणाली. “मला नाही जमायचं.”

“नाहीच जमायचं!”

थोरली टेबलाशी बसली. पेन्सिल जोरानं तासली, टोक मोडलं, पुन्हा तासली. भिंगात सासूबाईंच्या नावाचा कोळी ऐटीत पसरला होता, आणि मेला देखणाही होता. तिनं पहिली रेघ ओढली.

“ए, तो दिवा इकडं वळव,” ती मागं न बघता धाकटीवर खेकसली, “केस दिसत नाहीत याचे.”