मिस्टर लाम यांना मी पास केलं

"अंकल, बाबा तुमच्याबरोबर आहेत ना?" फेब्रुवारीतल्या त्या सकाळी ग्रेसचा फोन आला, तेव्हा मी ओटावातल्या आमच्या मॉलमध्ये तिच्या वडिलांचीच, मिस्टर लाम यांची, वाट पाहत होतो. हिवाळ्यात आम्ही दोघे रोज तिथे फेऱ्या मारायचो. त्या दिवशी लाम भलत्याच बसमध्ये बसले, शेवटच्या स्टॉपला उतरले आणि बर्फात चालत राहिले... दुपारी सापडले, तेव्हा उशीर झाला होता. याला आता सहा आठवडे झाले. सगळे त्याला अपघात म्हणतात. मला तसं म्हणवत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीच्या केंद्रात चिनी ज्येष्ठांची स्मरणशक्ती तपासणार होते. ग्रेसने वडिलांचं नाव नोंदवलं आणि लाम यांना संशय आला. "नापास झालो की कॉन्डो विकणार आणि मला वृद्धाश्रमात टाकणार," ते त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणाले. "तपासणारी नर्ससुद्धा ग्रेसचीच माणूस." मी हसायला हवं होतं. पण माझा मुलगाही तेव्हा माझ्या गोळ्यांची डबी न सांगता उघडून बघू लागला होता. मला लाम यांचं पटलं. खरं तर माझा संशय मुलावर होता, तो मी ग्रेसवर काढला.

तीच तपासणी माझ्या डॉक्टरने माझी नुकतीच केली होती. मग आयुष्यभर गणित शिकवलेल्या मी पेपर फोडला. पाच शब्द लक्षात ठेवायचे, घड्याळ काढायचं, शंभरातून सात-सात वजा करायचे... आठवडाभर फूड कोर्टात उजळणी घेतली. "टीचर, छडी विसरलात वाटतं!" ते चिडवायचे. पाचवा शब्द मात्र रोज विसरायचे. रोज. तेव्हाच मला कळायला हवं होतं. नव्हे, कळलं होतं. तरी मी घोकून घेत राहिलो. तपासणी त्यांच्या भाषेत झाली, प्रश्न तेच निघाले. लाम पास झाले.

"अंकल, नातवाचं नाव विसरणारा माणूस पास कसा होतो?" ग्रेसने मला विचारलं होतं.

"मनावर घेतलं त्यांनी," मी म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. पुढे तिने डॉक्टरचं नाव काढलं की लाम म्हणायचे, "झालो ना पास!"

गेल्या रविवारी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. "मला वाटलंच होतं," एवढंच म्हणाली. आम्ही त्यांचं स्वयंपाकघर आवरत होतो. फ्रिजवर केंद्राचं पत्र चुंबकाने लावलेलं होतं : काळजीचं कारण नाही. मी ते काढायला हात पुढे केला.

"राहू दे, अंकल. तुम्ही आवरायला येताय ना, तुम्हांला दिसू दे."

मी रोज जातो. भांडी खोक्यांत गेली, पडदे उतरले. पत्र आहे तिथेच आहे.